किराया, अतिथी आणि उघडी दारे : ग्रानादाच्या आल्बाइसिन मोहल्ल्यातील घरांचा इतिहास

स्पॅनिश भाषेत घरभाड्याला 'आल्किलेर' म्हणतात. हा शब्द अरबी 'अल्-किरा' यावरून आला. उर्दूतला 'किराया' फारसीच्या वाटेने आला असला, तरी त्याचे मूळही तेच. दक्षिण स्पेनमधील ग्रानादा शहराच्या आल्बाइसिन या जुन्या मोहल्ल्यात सुट्टीसाठी चार दिवस घर घेणारा प्रवासी ज्या करारावर सही करतो, त्यात हा शब्द असतो. घरात शिरल्यावरही अरबी त्याची पाठ सोडत नाही. देवडीला 'साग्वान' म्हणतात, ते 'उस्तुवान'वरून. झोपण्याच्या कोनाड्याला 'आल्कोबा', ते 'अल्-कुब्बा'वरून. पाण्याच्या टाक्याला 'आल्खिबे', ते 'अल्-जुब्ब'वरून. यांपैकी 'जुब्ब' हा शब्द सूरह यूसुफच्या वाचकाला नवा नाही. माणसे गेली, त्यांची भाषा बंदीने मारली गेली, पण घराच्या भागांची नावे उरली.

उर्दू वाचकाला अंदलुसची ओळख मुख्यतः इक्बालमुळे आहे. ते १९३३ मध्ये स्पेनला गेले आणि कुर्तुब्याच्या मशिदीवरील त्यांची नज्म आजही एम.ए.च्या वर्गात शिकवली जाते. परंतु या ओळखीत एक उणीव राहिली. तीत मशिदी आहेत, महाल आहेत, सुलतान आहेत; सामान्य माणसाचे राहते घर नाही. आल्बाइसिनचा इतिहास मात्र घरांचाच आहे.

अलहम्रा ज्या टेकडीवर आहे तिच्यासमोर, मध्ये दार्रो नदी ठेवून, हा मोहल्ला चढत गेला आहे. त्याच्या नावाविषयी दोन मते आहेत : एक, बैसा गावाहून आलेल्या निर्वासितांवरून; दुसरे, 'बय्याझीन' म्हणजे बहिरी ससाणे पाळणाऱ्यांवरून. वाद भाषाशास्त्रज्ञांवर सोडावा. घरांची रचना अधिक बोलकी आहे. गल्लीकडे कोरी भिंत आणि मोजक्या खिडक्या. दारातून आत आल्यावर देवडी वळण घेते, म्हणजे दार उघडे राहिले तरी वाटसरूची नजर अंगणापर्यंत पोचू नये. मध्ये चौक, चौकात लहानसा हौद, भोवती खोल्या. पाणी डोंगराकडील आयनादामार कालव्याने यायचे. 'ऐन अद्-दमअ' म्हणजे अश्रूंचा झरा, असे त्या उगमाचे नाव. कालव्यावरची सार्वजनिक टाकी आजही गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर दिसतात. पुण्याचा वाडा किंवा हैदराबादची देवडी पाहिलेल्याला ही रचना परकी वाटणार नाही.

नोव्हेंबर १४९१ मध्ये शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह आणि फर्नांडो-इझाबेल यांच्यात शरणागतीचा करार झाला. २ जानेवारी १४९२ रोजी शहर ताब्यात गेले. धर्म, मशिदी, वक्फ, काझी आणि मालमत्ता यांची हमी करारात होती, हे सर्वज्ञात आहे. पण त्यातील दोन लहान कलमांकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मुसलमानांच्या घरांत त्यांच्या मर्जीविरुद्ध पाहुणे उतरवले जाणार नाहीत, हे एक. आणि अल्कसबा व आल्बाइसिन यांच्यामधील तटावर चढून कोणा ख्रिस्ती माणसाने मुसलमानांच्या घरांत डोकावू नये, डोकावल्यास शिक्षा व्हावी, हे दुसरे. आपण राज्य गमावले आहे हे करार करणाऱ्यांना ठाऊक होते. घर तरी राखावे, एवढाच त्यांचा हिशेब दिसतो.

तो हिशेब आठ वर्षेही टिकला नाही. १४९९ मध्ये सिस्नेरोस शहरात आला. सक्तीच्या धर्मांतरांविरुद्ध त्याच वर्षाच्या डिसेंबरात आल्बाइसिन उठले, आणि ते उठले म्हणून करार मोडला असे ठरवून धर्मांतराची लाट साऱ्या राज्यात नेण्यात आली. बिब-रांब्ला चौकात अरबी ग्रंथ जाळले गेले. वैद्यकाचे तेवढे वाचवून ठेवले. मोहल्ल्याच्या मोठ्या मशिदीचे सान साल्वादोर चर्च झाले. तिचे वजूचे अंगण, नालाकृती कमानींसह, अजून शिल्लक आहे.

धर्मांतरित 'मोरिस्को' आपापल्या घरांतच राहिले. म्हणून पुढचा कायदा घरावरच आला. १५६७ च्या फर्मानाने अरबी भाषा, पेहराव आणि हमामखाने यांवर बंदी घातली, आणि शुक्रवारी दुपारी व सणांच्या दिवशी घरांची दारे उघडी ठेवण्याची सक्ती केली. ज्या घराची देवडीच नजर अडवण्यासाठी वळवलेली, त्याचे दार कायद्याने उघडायचे! आत नमाज होते का, हे पाहण्यासाठी.

या फर्मानाविरुद्ध फ्रान्सिस्को नून्येस मुले या वयोवृद्ध मोरिस्कोने न्यायालयाच्या अध्यक्षाला एक निवेदन दिले. कोणत्याही भाषा-अध्यापकाने ते वाचावे असे आहे. त्याचा मुद्दा साधा होता : पेहराव प्रांताचा असतो, धर्माचा नव्हे, आणि सीरिया-इजिप्तचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, म्हणून ते मुसलमान ठरत नाहीत. भाषा आणि धर्म यांची गाठ मारू नका, हे तो सांगत होता. कोकणात, बेळगावात, गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुसलमान घरांना 'तुमची भाषा नक्की कोणती?' हा प्रश्न अजून ऐकावा लागतो, त्यांना हा युक्तिवाद वेगळा समजावून सांगायला नको. निवेदन फेटाळले गेले.

१५६८ च्या नाताळात आल्पुखारास डोंगरात बंड पेटले. आल्बाइसिन त्यात उठले नाही. बंडखोरांची टोळी रात्री मोहल्ल्यात येऊन साद घालून रिकाम्या हाताने परतली. तरीही शिक्षा मोहल्ल्याला झाली. आधी घराघरांत सैनिक उतरवले गेले, म्हणजे १४९१ च्या त्या कलमाचा अगदी शब्दशः भंग. जून १५६९ मध्ये दहा ते साठ वयाच्या पुरुषांना आपापल्या चर्चमध्ये जमण्याचा हुकूम निघाला आणि तेथून त्यांना शहराबाहेर हाकलण्यात आले. पुढल्या वर्षी साऱ्या राज्यातून हद्दपारी झाली. सुमारे ऐंशी हजार माणसे उठवली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १५७१ मध्ये त्यांची मालमत्ता राजाने जप्त केली आणि बाहेरून आणलेल्या वसाहतवाल्यांना ती कायमच्या भाड्याच्या बोलीवर वाटली. आल्बाइसिनच्या घरांवरचे पहिले मोठे सरकारी 'आल्किलेर' ते हेच, असे म्हणायला हरकत नाही.

पण वसाहतवाले पुरेसे आले नाहीत. घरे पडली, आणि ज्यांना ऐपत होती त्यांनी पडक्या घरांच्या तीन-चार जागा एकत्र करून भोवती उंच भिंत घातली व आत बाग केली. हीच ती प्रसिद्ध 'कार्मेन' घरे. हा शब्दही अरबी 'कर्म', म्हणजे द्राक्षवेल, यावरून आहे. आज भाड्याच्या घराच्या जाहिरातीत 'कार्मेन' हा शब्द दिसला की किंमत वाढते. सरूची झाडे, डाळिंब, कारंजे यांची प्रशस्त शांतता त्यात विकली जाते. ती शांतता मुळात दाट वस्तीची होती असे प्रवाशाला वाटते. वस्तुतः अनेक ठिकाणी ती वस्ती उठवल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेची आहे.

सगळेच विकले गेले असे नाही. दोन मोरिस्को घरांची मिळून बनलेली 'कासा देल चापिस' दुरुस्त करून १९३२ मध्ये तेथे अरबी अभ्यासाची संस्था स्थापन झाली. ज्या मोहल्ल्यात अरबी बोलणे गुन्हा होता, त्याच मोहल्ल्यात ती शिकवली जाऊ लागली. जुलै २००३ मध्ये सान निकोलास चौकालगत नवी मशीद उघडली. तिच्या परवानगीचा वाद वीस वर्षांहून अधिक चालला होता.

१९९४ मध्ये युनेस्कोने आल्बाइसिनला अलहम्राच्या जोडीने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यानंतर पर्यटक वाढला, आणि घरमालकाच्या लक्षात आले की वर्षाच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पाहुणा फायद्याचा. अंदालुसिया सरकारने २०१६ मध्ये अशा घरांची नोंद सक्तीची केली, २०२४ मध्ये त्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. जुलै २०२५ पासून देशपातळीवरील नोंदणी क्रमांकही आवश्यक झाला. सान निकोलासच्या कठड्यावर आता रोज संध्याकाळी गर्दी जमते. तिची नजर समोरच्या अलहम्रावर असते. १४९१ च्या कराराला ज्या डोकावण्याची भीती होती ते आता भाडे भरून, थेट चौकात उतरून होते. खडबडीत दगडी गल्ल्यांतून चाकांच्या बॅगांचा आवाज रात्री उशिरापर्यंत येतो, आणि वर्षाच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाला मोहल्ल्यात घर मिळेनासे झाले आहे.

एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, सामायिक मालकीच्या इमारतीत नव्याने पर्यटकांना घर द्यायचे असल्यास सहमालकांपैकी पाचांत तिघांची संमती लागते. पाहुणा उतरवण्यापूर्वी शेजाऱ्याची मर्जी विचारण्याची तरतूद अशा रीतीने ग्रानादाच्या कायद्यात पुन्हा आली. मात्र आल्बाइसिनमधील अनेक घरे आणि कार्मेने एकाच मालकाची आहेत. त्यांना ही अट लागूच होत नाही.