टाळ आणि ख्रिस्त

नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक तेव्हा तिशीतले, कवी, संस्कृतचे जाणकार. आपणच एखादा नवा धर्म काढावा, असे मनसुबे रचणारे. पुस्तक चाळता चाळता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चित्पावन घरात मग जो आकांत व्हायचा, तो झाला.

धर्मांतराची गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. सांगणाऱ्याला बाप्तिस्म्याचे पाणी दिसते, त्यानंतरची वर्षे दिसत नाहीत. टिळकांच्या बाबतीत तर खरी गोष्ट त्या वर्षांत आहे.

येशूशी जिवाभावाचे नाते जोडा, असे मिशनरी सांगत. पण ते नाते बोलायचे कोणत्या भाषेत? प्रार्थनेत अनेकदा इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे विलायती चालींवर गायली जात. चाल सांभाळण्यासाठी मराठी शब्दांचे हातपाय ओढूनताणून बसवलेले असत. अहमदनगरच्या खेडोपाडी, जात्यावरच्या ओव्यांत वाढलेल्या बायकांना त्यातून प्रभू किती भेटत असेल, कोण जाणे!

ही अडचण जुनीच होती. गोव्यात साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांनी आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी मागितले, तेव्हा इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सने मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. हरदासाने सुदाम्याचे आख्यान लावावे, तसे येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचे आख्यान लावायचे आणि मधूनमधून पद म्हणायचे. मुलगा घराकडे वळला, की पुढे काय होणार हे ठाऊक असूनही मंडळी कान देऊन ऐकणार. कीर्तनातला श्रोता मुकाट बसून उपदेश घेत नाही, पदाचे धृपद त्यालाही उचलावे लागते. प्रवचनापेक्षा कीर्तन सरस ठरले ते त्यामुळे.

टिळकांनी हा धागा आणखी आत नेला. बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे तेही पाश्चात्त्य वळणाच्या ख्रिस्तीपणात वावरले. मग पुन्हा ज्ञानोबा-तुकोबांकडे वळले आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगू लागले. पंढरीच्या वारकऱ्याने विठ्ठलाला आई म्हणावे, तसे ते ख्रिस्ताला आई म्हणत, गुरूही म्हणत. अभंगांत ते त्याच्याशी भांडतात, रुसतात, लाडात येतात. ‘अभंगांजली’ वाचताना जाणवते, की हा माणूस ख्रिस्ताविषयी माहिती देत नाही, त्याच्याशी बोलतो. त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गायली जातात.

टिळकांचा प्रवास पुस्तकातून सुरू झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा स्वयंपाकघरातून झाला, आणि आमच्या मते तोच अधिक बोलका आहे. नवऱ्याने धर्म सोडला तेव्हा त्या वर्षानुवर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. मात्र राहुरीला असताना एक दिवस त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडला: देवाने माणसे केली, जाती केल्या त्या माणसांनीच. मग हा विटाळ कुणाचा? त्या विचारासरशी शिवाशीव सुटली. कुणी वाद घालून त्यांना हरवले नव्हते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो जणू आत आधीच घडलेल्या गोष्टीची नोंद म्हणून. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळे त्या हसत, स्वतःची फजिती करत सांगतात, साक्षात्काराचा आव कुठेच नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तिथे एका पंगतीत बसावेत, हा त्यामागचा विचार. पंथांच्या चौकटीत रुळलेल्यांना तो पचणे कठीणच होते, आणि तो रुजवायला टिळकांना वेळही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे उरले होते ‘ख्रिस्तायन’, येशूच्या चरित्राचे महाकाव्य, जेमतेम सुरुवातीच्या अध्यायांपर्यंत आलेले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे गिरवलेल्या आणि जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या या बाईने उरलेले बहुतेक सारे काव्य लिहून काढले. १९३६ साली त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आले ते त्यानंतर दोन वर्षांनी.