दोन धावा, पाच धावा

१४ मार्च २०२४. दुपारी चंद्रपूरहून गडचिरोलीच्या एसटीत बसलो होतो. हातात मोबाईल, मोबाईलवर वानखेडेचा स्कोअर. रणजी फायनलचा पाचवा दिवस, मुंबई विरुद्ध विदर्भ. जिंकायला ५३८ हवे होते. एवढ्या धावा कोणी करत नसतं, हे मलाही कळत होतं. पण अक्षय वाडकर आणि हर्ष दुबेने सकाळचं अख्खं सत्र एकही विकेट न देता खेळून काढलं होतं. जेवणाला ३३३ वर ५. मग वाडकरचं शतक झालं आणि मी शेजारच्या अनोळखी काकांना पेढा वाटल्यासारखा तो स्कोअर दाखवला.

लोहाऱ्यानंतर जंगल लागलं आणि नेटवर्क गेलं. चिचपल्ली गेली, तरी स्क्रीनवर गोल फिरतच होता. मूलला रेंज आली तेव्हा आकडा दिसला : ३६८ ऑल आऊट. शेवटच्या पाच विकेट १५ धावांत. मुंबईचं ४२वं विजेतेपद.

१६९ धावांनी हरलो, म्हणजे कागदावर काही थोडक्यात नाही. पण ज्याने दोन तास आशा धरली, त्याला कागद काय सांगता? रात्री बाबांचा फोन आला. मी धड बोलत नव्हतो.

"काहून तोंड पाडून बसला बे?" ते म्हणाले. "आम्ही तर दोन रननं हरलो होतो."

'आम्ही'? विदर्भ कधी दोन धावांनी हरला? तेव्हा कळलं, बाबांचं 'आम्ही' म्हणजे मुंबई होती.

गोष्ट मे १९९१ची. बाबा तेव्हा कोळसा खाणीत नवीन लागले होते. चंद्रपूरचं ऊन, दारात वाळ्याच्या ताट्या, आणि सकाळी नागपूरहून येणारा पेपर. महाराष्ट्रातून रणजीत तीन संघ खेळतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भ १९५७-५८ पासून खेळत होता, पण करंडकाच्या जवळपासही नव्हता. म्हणून जिंकायची सवय असलेला संघ आपला मानायचा. ती मुंबई.

वानखेडेवर हरियाणाने पहिल्या डावात ५२२ केल्या, मुंबईने ४१०. रणजीचा नियम असा की फायनल अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, त्याचा करंडक. म्हणजे मुंबईला ड्रॉ चालणार नव्हता. शेवटच्या दिवशी ३५५ करायच्याच होत्या, आणि ३४ वर तीन विकेट गेल्या.

मग वेंगसरकर आणि सचिन. सचिनला १८ पूर्ण होऊन दोनच आठवडे झाले होते. दोघांनी १३४ जोडल्या. सचिन ९६ वर गेला. कांबळीने ४५ केल्या, पण पुढचे टिकले नाहीत. ३०५ वर ९. अकरा नंबरचा अॅबी कुरुविला आला तेव्हा ५० हव्या होत्या. वेंगसरकरने त्याला सोबत घेऊन त्यातल्या ४७ जमवल्या. तीन हव्या असताना कुरुविला रनआऊट झाला. ३५२. वेंगसरकर नाबाद १३९, आणि मैदानातच रडू लागला. समोर कपिल देवच्या हरियाणाचा जल्लोष चालला होता. हरियाणाने त्याआधी रणजी जिंकली नव्हती आणि त्यानंतरही जिंकलेली नाही.

"पेपर वाचून मी डबा तसाच परत आणला," बाबा म्हणाले. मला गंमत वाटली, मग थोडा रागही आला. मुंबईसाठी उपाशी राहणारा माणूस, आणि आज त्याच मुंबईने मला रडवलं.

मधल्या काळात काय बदललं? माझ्या मते एक उमेश यादव. वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. विदर्भाकडून खेळून तो २०११ला कसोटी संघात पोचला, असा तो विदर्भाचा पहिलाच. खाणीतल्या माणसाचं पोर! आमच्या वस्तीत त्या दिवसापासून 'आपला संघ' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

आणि मग डिसेंबर २०१७, कोलकात्याची सेमीफायनल. कर्नाटकला १९८ हव्या होत्या. शेवटच्या सकाळी १११ वर ७, पण शेपूट वळवळत राहिलं. धावा कमी होत गेल्या, माझी नखं संपली. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ विकेट काढल्या आणि कर्नाटक १९२ वर संपलं. आम्ही पाच धावांनी जिंकलो. १ जानेवारी २०१८ला इंदूरला दिल्लीला हरवून फैझ फझलच्या संघाने पहिली रणजी उचलली. साठ वर्षं लागली.

त्या पाच धावांच्या दिवशी मी खूप नाचलो. बेंगळुरूत कुणीतरी पोरगा मोबाईलकडे बघत बसला असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. मूलच्या स्टँडवर उतरून चहा घेताना पहिल्यांदा आलं.

म्हणून मला आता वाटतं, संघ आपला कधी होतो हे जिंकल्यावर कळत नाही. जिंकलेल्या संघाला सगळेच आपलं म्हणतात. १९९१ला चंद्रपुरात किती जणांनी मुंबईला आपलं म्हटलं असेल! हरल्यावर जेवण गेलं नाही तर समजायचं, आता सुटका नाही.

फोन ठेवता ठेवता मी बाबांना विचारलं, "आज तुम्ही कोणाकडून होता?"

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, पुन्हा रेंज गेली.

"वाडकरनं तेवढा एक तास अजून खेळायला पाहिजे होतं गा," बाबा म्हणाले. "मी डबा खाल्लाच नाही."

पुढच्या वर्षी, मार्च २०२५ला, विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली. त्या रात्री आम्ही दोघं पोटभर जेवलो.