जवळची वाट, वेगाची वाट, कराराची वाट

कोथरूडमधल्या एका संगणकातून विमाननगरमधल्या दुसऱ्या संगणकाला एखादी फाइल पाठवली आणि दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट असलं, तर २००३ च्या आधी ती फाइल अमेरिकेला वळसा घालून पुण्यात येण्याची दाट शक्यता होती. वाट ठरवणारी यंत्रं, म्हणजे राउटर, बिघडलेले नव्हते. त्यांना दिलेल्या नियमांनुसार त्यांनी उत्तम मार्गच निवडलेला असे. ‘उत्तम’ कशाला म्हणायचं, याची व्याख्याच गेल्या सत्तर वर्षांत बदलत आली आहे आणि तो वळसा समजून घ्यायचा तर या बदलाची कुळकथा पाहावी लागते.

तिचं एक मूळ अ‍ॅमस्टरडॅममध्ये आहे. १९५६ साली तिथल्या मॅथमॅटिकल सेंटरमध्ये काम करणारे एड्सखर डायक्स्ट्रा आपल्या भावी पत्नीबरोबर कॉफी प्यायला बसले होते. कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत त्यांनी दोन शहरांमधली सर्वांत कमी अंतराची वाट शोधण्याची रीत मनातल्या मनात रचली. संस्थेच्या ‘आर्मॅक’ या नव्या संगणकाचं सामर्थ्य लोकांना दाखवायला त्यांना एक सोपा प्रश्न हवा होता. त्यासाठी नेदरलँड्समधल्या ६४ शहरांचा नकाशा घेतला गेला. रीत अशी : निघाल्या ठिकाणाहून सर्वांत जवळचं ठिकाण पक्कं करायचं, त्याच्यामार्गे पुढची ठिकाणं आणखी जवळ येतात का ते तपासायचं, मग उरलेल्यांतलं सर्वांत जवळचं पक्कं करायचं. १९५९ मध्ये ती छापून आली. संगणकांची जाळी तेव्हा जन्मायची होती.

१९६९ मध्ये अमेरिकेत ‘आर्पानेट’ हे संगणकांचं जाळं सुरू झालं, तेव्हा मात्र दुसरी रीत वापरली गेली. तिचं गणित रिचर्ड बेलमन आणि लेस्टर फोर्ड यांनी पन्नाशीच्या दशकातच मांडलं होतं. यात कुणाकडेच पूर्ण नकाशा नसतो. पेठेत नवखा माणूस प्रत्येक चौकात पुढच्या चौकापुरतं विचारत जातो, तसं प्रत्येक यंत्र शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबतं. ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतकं दूर आहे,’ असं शेजारी सांगतो. त्यात स्वतःपासून शेजाऱ्यापर्यंतचं अंतर मिळवायचं आणि सर्वांत लहान बेरीज निवडायची. गोम अशी की, तार तुटली तर ती बातमी फार हळू पसरते. दोन शेजारी एकमेकांच्याच जुन्या माहितीवर ‘वाट आहे’ असं सांगत राहतात आणि पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, त्यांच्यात फिरत बसतं. म्हणूनच या घराण्यातल्या ‘रिप’ या नियमसंचाने १५ टप्प्यांची मर्यादा घातली. १६ म्हणजे ‘पोहोचता येत नाही’.

१९७९ मध्ये आर्पानेटने ही पद्धत सोडली. आता प्रत्येक यंत्र आपल्याला जोडलेल्या तारांवर किती विलंब होतो, ते मोजून साऱ्या जाळ्याला कळवू लागलं. त्यातून प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होई आणि त्यावर डायक्स्ट्रांची रीत चाले. १९८९ पासूनचा ‘ओएसपीएफ’ हा नियमसंच याच वंशातला. आजही विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांत त्याचा मोठा वापर होतो. रुंद तारेची किंमत कमी, अरुंद तारेची जास्त धरायची आणि सर्वांत कमी एकूण किमतीची वाट घ्यायची.

भारतात ‘अर्नेट’ या शिक्षण-संशोधनासाठीच्या जाळ्याची सुरुवात १९८६ मध्ये झाली. त्याचा मुंबईतला आधार म्हणजे डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालची एनसीएसटी ही संस्था. तिची सुरुवातीची ई-मेल टेलिफोनवरून अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयकडे जाई. डायक्स्ट्रा जिथे काम करत होते, त्याच संस्थेचं हे नवं नाव. दिल्ली-मुंबई ही पहिली भाड्याची तार जानेवारी १९९१ मध्ये सुरू झाली. तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. इतक्या मोजक्या तारा असताना निवडीला फारसा वावच नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने सामान्य लोकांना इंटरनेट दिलं आणि १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. एका देशातच जाळ्यांचे मालक अनेक झाले.

अंतर आणि वेग यांच्यानंतरची ‘उत्तम’ची तिसरी व्याख्या इथे कामाला येते. एक कंपनी दुसरीला आपला आतला नकाशा दाखवत नाही. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिन इथल्या एका बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर या अडचणीचं उत्तर खरडलं : ‘बीजीपी’ हा नियमसंच. या पद्धतीत सीमेवरचा राउटर फक्त एवढंच जाहीर करतो की, अमुक पत्ते माझ्यामार्फत, या या जाळ्यांतून मिळतील. ऐकणारा आधी मालकाचं धोरण पाहतो. साधारणपणे आपल्याला पैसे देणाऱ्या ग्राहकाची वाट पहिली, बरोबरीने देवघेव करणाऱ्याची दुसरी, आपण पैसे मोजतो ती शेवटी. वाटेत किती जाळी लागतात, याची मोजणी त्यानंतर.

आता पुण्याचा वळसा उलगडतो. दोन कंपन्यांची देशात कुठेच गाठ नव्हती. दोघींनी परदेशी जोडणी विकत घेतली होती आणि त्यांची पहिली भेट तिथेच व्हायची. डायक्स्ट्रांची रीत कितीही चोख असली, तरी नसलेली तार ती शोधणार कुठून? उपाय संस्थेच्या रूपाने आला. २००३ मध्ये ‘निक्सी’ स्थापन झाली आणि देशी कंपन्यांना आपसात देवघेव करायला मुंबईसारख्या शहरांत समाईक जागा मिळाली. पुण्याचं पॅकेट समुद्र ओलांडण्याऐवजी घाट उतरून परत येऊ लागलं.

करारावरच्या या व्यवस्थेत विश्वासही गृहीत धरलेला आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब रोखण्यासाठी त्याच्या पत्त्यांचा एक लहान गट आपला म्हणून जाहीर केला. ती घोषणा बाहेर गेली. राउटर नेहमी अधिक नेमका पत्ता मानतात, म्हणून जगभरची रहदारी तिकडे वळली आणि यूट्यूब सुमारे दोन तास विस्कळीत झालं.

म्हणून इंटरनेट घेताना केवळ जाहिरातीतला वेग पाहणं पुरेसं नाही. आपली कंपनी इतर जाळ्यांना कुठे भेटते, हेही विचारायला हवं. ‘ट्रेसराउट’ ही साधी आज्ञा दिली तर वाटेतले राउटर बहुतांशी दिसतात. पुण्यातली दोन घरं एकमेकांना किती जवळ असतील, हे त्यांच्यामधल्या रस्त्यापेक्षा त्यांच्या कंपन्यांनी कुठे हातमिळवणी केली आहे यावर ठरतं. तो निर्णय माणसंच घेतात आणि ग्राहकांनी आग्रह धरला तर तो बदलतोही.