महासाथीत फुटबॉल : चेंडू पुन्हा फिरला, पण कोणाच्या बळावर?

करोनाच्या महासाथीत व्यावसायिक फुटबॉल पुन्हा सुरू करावे काय, हा प्रश्न २०२० च्या उन्हाळ्यात जगभरातील सरकारे, फुटबॉल संघटना आणि क्लब यांच्यापुढे एकाच वेळी उभा राहिला. रुग्णालये भरलेली असताना खेळ मांडणे अशोभनीय आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. फुटबॉल हा हजारो कुटुंबांच्या पोटापाण्याचा उद्योग असून अन्य उद्योगांप्रमाणे त्यालाही नियमांच्या चौकटीत परवानगी मिळावी, असा दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद होता. निरनिराळ्या देशांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा ताळेबंद आता मांडता येतो आणि पुढील साथीच्या दृष्टीने तो मांडून ठेवणे आवश्यकही आहे.

स्टेडियम ओस का पडली?

१९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलान येथील सॅन सिरो स्टेडियमवर इटलीचा अटलांटा आणि स्पेनचा व्हॅलेन्सिया यांच्यात चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. अटलांटा हा बर्गामो शहराचा संघ. त्याचे चाळीस हजारांच्या आसपास पाठीराखे या सामन्यासाठी मिलानला गेले होते. पुढे काही आठवड्यांत बर्गामो हे युरोपातील साथीचे सर्वांत भीषण केंद्र ठरले. संसर्ग पसरण्यात त्या सामन्याचा वाटा असावा, असा संशय इटलीतील अनेक तज्ज्ञांनी व्यक्त केला. ११ मार्च रोजी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली त्याच दिवशी, लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धचा सामना ५२ हजारांवर प्रेक्षकांच्या उपस्थितीत झाला. त्यात माद्रिदहून आलेले सुमारे तीन हजार पाठीराखे होते. स्पेनमधील लीगचे सामने तोवर प्रेक्षकांविना खेळवण्याचे ठरले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आर्सेनलचे प्रशिक्षक मिकेल आर्तेता यांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले आणि १३ मार्च रोजी प्रीमियर लीग स्थगित झाली. १७ मार्च रोजी युरो स्पर्धा एक वर्ष पुढे ढकलण्यात आली. काही दिवसांतच बेलारूससारखे मोजके अपवाद वगळता युरोपातील फुटबॉल ठप्प झाले.

थांबण्याचा निर्णय

नेदरलँड्सने २४ एप्रिल रोजी हंगाम गुंडाळला. अव्वल असलेल्या आयाक्स आणि एझेड यांचे गुण समान होते, तरीही विजेता कोणालाच घोषित करण्यात आले नाही. कोणत्याही संघाची खालच्या श्रेणीत घसरण झाली नाही आणि कोणाला बढतीही मिळाली नाही. परिणामी दुसऱ्या श्रेणीत अग्रस्थानी असलेल्या कॅम्बूर संघाला आणखी एक वर्ष तेथेच काढावे लागले.

फ्रान्सचे पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी २८ एप्रिल रोजी हंगाम पुन्हा सुरू होणार नसल्याचे सांगितले. दोन दिवसांनी लीगने प्रतिसामना सरासरी गुणांच्या आधारे गुणतालिका निश्चित करून पॅरिस सेंट-जर्मेनला विजेता ठरवले. दहा फेऱ्या बाकी असताना सातव्या क्रमांकावर अडकलेल्या ल्योंचे युरोपीय स्पर्धांचे दार बंद झाले. अमिएं आणि तुलूझ खालच्या श्रेणीत ढकलले गेले. प्रकरण फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत पोहोचले, पण अखेरीस निर्णय कायम राहिला. ज्या ल्योंला मायदेशात हंगाम पूर्ण करता आला नाही, त्याच संघाने ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. थांबणे आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक होते. पण त्याची झळ काही क्लबांनाच बसली.

जर्मनीचा आराखडा

मोठ्या लीगपैकी सर्वप्रथम मैदानात उतरली ती जर्मनीची बुंडेस्लिगा. ६ मे रोजी चॅन्सेलर अँजेला मर्केल आणि राज्यांचे प्रमुख यांनी हिरवा कंदील दाखवला आणि १६ मे रोजी बोरुसिया डॉर्टमंडने रिकाम्या स्टेडियममध्ये शाल्कचा ४-० असा पराभव केला. स्टेडियमच्या परिसरात एकूण सुमारे तीनशे जणांनाच प्रवेश होता. खेळाडूंच्या नियमित चाचण्या, सामन्यांपूर्वी हॉटेलात विलगीकरण, राखीव खेळाडूंना मुखपट्टी आणि गोल झाल्यावर आलिंगनास मज्जाव असे नियम होते.

हे नियम कागदोपत्री राहिले नाहीत. ऑग्सबर्गचे प्रशिक्षक हायको हेरलिच टूथपेस्ट आणण्यासाठी हॉटेलबाहेर पडले आणि त्यांना आपल्या संघाच्या पहिल्याच सामन्याला मुकावे लागले. प्रारंभीच्या १,७२४ चाचण्यांत दहा जण बाधित आढळले. दुसऱ्या श्रेणीतील डायनामो ड्रेस्डेनचा संपूर्ण संघ चौदा दिवस विलगीकरणात गेला. उरलेले नऊ सामने त्यांना महिनाभरात उरकावे लागले आणि हंगामाअखेर हा संघ तळाला जाऊन तिसऱ्या श्रेणीत घसरला. एकंदर स्पर्धा मात्र २७ जूनला ठरल्याप्रमाणे पार पडली.

या यशामागे दोन कारणे होती. एक म्हणजे जर्मनीत पहिली लाट तोवर ओसरू लागली होती. दुसरे म्हणजे देशाची चाचणी-क्षमता मुबलक होती. फुटबॉलला त्यातील अर्ध्या टक्क्याहून कमी वाटा लागेल, असे लीगचे म्हणणे होते. तरीही सामान्य नागरिकाला चाचणीसाठी थांबावे लागते आणि लक्षणे नसलेल्या खेळाडूची मात्र आठवड्यातून अनेकदा चाचणी होते, हा आक्षेप शेवटपर्यंत कायम राहिला.

पैसा आणि नकाराचा अधिकार

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे ९२ सामने बाकी होते. ते न झाल्यास सुमारे ७६ कोटी पौंडांच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज क्लबांपुढे मांडण्यात आला होता. शंभर दिवसांच्या खंडानंतर १७ जून रोजी लीग सुरू झाली आणि २५ जून रोजी लिव्हरपूलने तीस वर्षांनंतर विजेतेपद निश्चित केले.

सरावास प्रारंभ होताच खेळाडूंच्या संमतीचा प्रश्न पुढे आला. वॉटफर्डचा कर्णधार ट्रॉय डीनी याने सुरुवातीला सरावास नकार दिला. त्याच्या तान्ह्या मुलाला श्वसनाचा त्रास होता. चेल्सीच्या एन्गोलो कान्तेला क्लबने घरीच सराव करण्याची मुभा दिली. दोघेही पुढे मैदानात परतले. नामांकित खेळाडूला असा नकार परवडतो. करार संपत आलेल्या, खालच्या श्रेणीतील खेळाडूला तो परवडेलच असे नाही.

पैशाअभावी काय होते, हेही इंग्लंडमध्येच दिसले. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या लीगनी चाचण्यांचा खर्च आणि प्रेक्षकांविना बुडणारे उत्पन्न यांचा मेळ बसत नसल्याने साखळी सामने थांबवले. महिलांची सुपर लीगही मे महिन्यातच संपवण्यात आली. सरासरी गुणांनुसार चेल्सी विजेता ठरला आणि लिव्हरपूलच्या महिला संघाची खालच्या श्रेणीत घसरण झाली. ज्या जून महिन्यात लिव्हरपूलच्या पुरुष संघाला मैदानावर खेळून विजेतेपद मिळवता आले, त्याच महिन्यात त्याच क्लबच्या महिलांचे भवितव्य न खेळताच ठरले. जर्मनीने मात्र महिलांची बुंडेस्लिगाही २९ मे रोजी पुन्हा सुरू केली होती. म्हणजेच अडचण विषाणूची जितकी होती, तितकीच इच्छाशक्तीची आणि निधीची होती.

रिओचे विदारक दृश्य

परवानगी कोणत्या परिस्थितीत देऊ नये, याचे उदाहरण ब्राझीलने घालून दिले. रिओच्या प्रसिद्ध माराकाना संकुलात करोनाबाधितांसाठी तात्पुरते रुग्णालय उभारले होते. १८ जून २०२० रोजी त्याला लागून असलेल्या मैदानावर फ्लामेंगो आणि बांगू यांच्यात सामना खेळवण्यात आला. त्या दिवशी शेजारच्या रुग्णालयात दोन रुग्ण दगावल्याचे वृत्त होते. दुसऱ्याच दिवशी देशातील बाधितांची नोंद दहा लाखांपुढे गेली. रिओतीलच बोटाफोगो आणि फ्लुमिनेन्से या क्लबांचा घाईने खेळण्यास विरोध होता. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय लीग सुरू होताच गोइयास संघाचे दहा खेळाडू बाधित आढळले आणि साव पावलोविरुद्धचा सामना ऐनवेळी रद्द करावा लागला. जर्मनीत आणि ब्राझीलमध्ये खेळ एकच होता, स्टेडियमही दोन्हीकडे रिकामी होती. पण साथीची अवस्था आणि तयारी यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

गोवा आणि नवी मुंबई

भारतात १४ मार्च २०२० रोजी फातोर्डा येथे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना प्रेक्षकांविना झाला. आय-लीग मात्र अर्धवट थांबवून मोहन बागानला विजेता घोषित करण्यात आले. सुपर लीगचा पुढील हंगाम २० नोव्हेंबर २०२० पासून पूर्णपणे गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर अकरा संघांनी जैव-सुरक्षित वातावरणात ११५ सामने खेळले. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने विजेतेपद पटकावले. महिनोन्‌महिने हॉटेलची खोली आणि मैदान एवढेच खेळाडूंचे विश्व होते. मे महिन्यात दुसऱ्या लाटेत बांबोळीच्याच गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील प्राणवायूच्या तुटवड्याची उच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली. स्पर्धा दोन महिने पुढे सरकली असती तर ती खेळवणे अशक्यप्राय झाले असते.

याहून कटू अनुभव महाराष्ट्राच्या भूमीवर आला. जानेवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे भरली. ही स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही होती. यजमान भारताने पहिल्या लढतीत इराणला गोलशून्य बरोबरीत रोखले. २३ जानेवारी रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चायनीज तैपेईविरुद्ध उतरण्यासाठी किमान तेरा खेळाडूंची आवश्यकता होती. संघातील बहुतेक जणी बाधित झाल्याने तेवढ्याही उपलब्ध नव्हत्या. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. विश्वचषकाची वाट तेथेच खुंटली. त्याच महिन्यात गोव्यात सुपर लीगच्या संघांत संसर्ग शिरला, तेव्हा सामने पुढे ढकलून नव्या तारखा देण्यात आल्या होत्या. महिलांच्या अडीच आठवड्यांच्या स्पर्धेत तशी सोय ठेवलेलीच नव्हती.

पुढील साथीसाठी

या अनुभवांतून ‘सुरू करावे’ किंवा ‘करू नये’ असे एकशब्दी उत्तर निघत नाही. मात्र परवानगीच्या अटी स्पष्ट होतात. संसर्ग उतरणीला लागलेला असावा. चाचण्या आणि डॉक्टर रुग्णांच्या वाट्यातून उचललेले नसावेत. वेतन वा जागा न गमावता खेळाडूला नकार देता यावा. संघ बाधित झाल्यास काय करायचे, हे पहिल्या सामन्यापूर्वी ठरलेले असावे आणि वेळापत्रकात त्यासाठी रिकामे दिवस असावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, श्रीमंत लीगच्या उत्पन्नातून खालच्या श्रेणींच्या आणि महिलांच्या स्पर्धांच्या सुरक्षेसाठी तरतूद व्हावी.

यांपैकी पहिल्या दोन अटी तपासणे हे सरकारचे काम आहे. उरलेल्या अटींची जबाबदारी फुटबॉल संघटनांची आहे. जर्मनीने यांतील बहुतेक गोष्टींचा विचार आधी केला, म्हणून तेथे एक संघ विलगीकरणात जाऊनही स्पर्धा तगली. नवी मुंबईत तो विचार झालेला नव्हता. त्यामुळे विश्वचषकाचे स्वप्न घेऊन घरच्या मैदानावर आलेल्या भारतीय महिलांना दुसरा सामना न खेळताच परतावे लागले.