शेवळ : फूल बाजाराचे, कंद कोणाचा?

१/ पहिला पाऊस पडला की मुंबईच्या उपनगरांत, चेंबूरच्या बाजारातही, शेवळाच्या जुड्या दिसू लागतात. ही भाजी म्हणजे एका रानफुलाचा कोंब. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू, आगरी अशा अनेक घरांत ती आवर्जून शिजते. पण या फुलाखाली असलेल्या कंदाचा इतिहास कायद्याच्या पुस्तकात दडला आहे. #धागा

२/ शेवळ हे सुरणाचे रानातले भावंड. शास्त्रीय नाव अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. कोरड्या ऋतूत कंद जमिनीखाली निद्रिस्त असतो. पावसाच्या तोंडावर आधी फूल येते, नंतर छत्रीसारखे एकच पान. पानाने तयार केलेले अन्न पुन्हा कंदात साठते. म्हणून फूल खुडले तरी झाड जगते. कंद उपटला की संपते.

३/ फूल आणि कंद दोन्ही खाजरे, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणूनच शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालतात. कोणता कंद कधी काढावा, कसा शिजवावा, हे कातकरी, ठाकर, वारली समाजांचे पिढीजात ज्ञान.

४/ १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारलाही या ज्ञानाची किंमत कळली. १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २५ वा खंड वनस्पतींवर निघाला. त्यात डॉ. जे. सी. लिस्बोआ यांनी उपयुक्त वनस्पतींची नोंद केली. दुष्काळात पोटाला आधार देणाऱ्या रानवनस्पतीही तीत आल्या.

५/ विसंगती अशी की १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातून वनउपज नेणे गुन्हा ठरले होते. चेंबूर तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होते. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. तरीही १९२७ च्या कायद्यात ‘वनउपज’ या व्याख्येत वृक्षेतर वनस्पती आणि त्यांचे सर्व भाग आलेच. म्हणजे फूल, पान आणि कंदही.

६/ १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९५० मध्ये चेंबूर बृहन्मुंबईत आले. त्याच दशकात शेजारी तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. एकेकाळी ठाण्याच्या रानांशी एकाच जिल्ह्याने बांधलेले हे गाव आता त्या रानांचे ग्राहक झाले.

७/ २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाच्या व्याख्येत ‘मुळे’ आणि ‘कंद’ हे शब्द स्पष्टपणे लिहिले आणि त्यावर वननिवासींची मालकी मान्य केली. १८७८ पासून मोजल्यास यास १२८ वर्षे लागली.

८/ हक्क कागदावर आला, तरी कंद टिकायला जंगल हवे, आणि बी धरायला काही फुले रानातच राहायला हवीत. बाजारात शेवळाच्या जुडीचा भाव करताना एवढे ध्यानात असावे : ती विकणाऱ्या बाईच्या आजीसाठी राखीव जंगलातून हेच फूल खुडून आणणे कायद्याने गुन्हा ठरू शकत होते.