रोजगार हमी योजना

ग्रामीण भागातील ज्या प्रौढ व्यक्तीस अंगमेहनतीचे काम हवे असेल, तिला ते पुरविण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी, या तत्त्वावर महाराष्ट्रात १९७२ मध्ये सुरू झालेली योजना. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे सूत्र होय.

१८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून तयार झालेल्या दुष्काळ संहितांनुसार ब्रिटिश अंमलात दुष्काळी कामे काढण्यात येत. तथापि दुष्काळ जाहीर करणे अधिकाऱ्यांच्या हाती असे आणि मजुरास कामावर हक्क सांगता येत नसे. शिवाय कोरडवाहू प्रदेशातील बेकारी केवळ दुष्काळापुरती नव्हती. सुगी संपली की भूमिहीन मजूर व अल्पभूधारक शेतकरी यांचे हात दरवर्षीच रिकामे राहत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या नित्याच्या बेकारीवर उपाय म्हणून ही कल्पना मांडली व सांगली जिल्ह्याच्या तासगाव भागात तिचा प्रथम प्रयोग झाला. १९७१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीही भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात, केवळ जमिनीच्या फेरवाटपाने हा प्रश्न सुटणार नसून सार्वजनिक कामांद्वारे रोजगाराची शाश्वती द्यावी लागेल, असे प्रतिपादन केले होते.

योजना लागू होते न होते तोच १९७०–७३ च्या अवर्षणाने उग्र रूप धारण केले व दुष्काळी कामांना अग्रक्रम देणे भाग पडले. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कामे काढता येतात, हा अनुभव शासनाच्या गाठी पडला आणि १९७४ मध्ये योजना पुन्हा कार्यान्वित झाली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे खेड्यातील मजुराच्या कामाचा भार मुख्यतः शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांनी उचलावा, अशी ही तरतूद होती. कराच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य शासनाने निधीत घालावयाची होती. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते न दिल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता देण्याचे बंधन त्याने शासनावर घातले. मजुरी झालेल्या कामाच्या मापावर ठरे. तिच्या दरात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. मृद्‌संधारण, पाझर तलाव, लघु पाटबंधारे, रस्ते इ. कामे योजनेखाली घेण्यात आली. १९९० पासून खाजगी जमिनीवरील फळबाग लागवडही तिला जोडण्यात आली.

या योजनेचा सामाजिक शास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला. नियोजन आयोग व राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय यांचे संयुक्त मूल्यमापन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांच्या पाहणीत कामावरील सुमारे ९० टक्के मजूर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील आढळले. घराजवळचे काम व समान दर यांमुळे स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर येतात, हेही या अभ्यासांतून दिसून आले. रॉनल्ड हेरिंग व रेक्स एडवर्ड्‌स यांनी १९८३ मध्ये दुसरी बाजू मांडली : मजुरी गरिबाला मिळते, पण बांधबंदिस्ती व तलाव यांचा टिकाऊ लाभ जमीनधारकांच्या पदरी पडतो. मजूर एरव्ही मिळविला असता तो रोजगार बुडतो, म्हणून मजुरीची सर्व रक्कम निव्वळ लाभ मानता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व अकोला जिल्ह्यातील कानझरा या गावांच्या माहितीवरून गौरव दत्त व मार्टिन रॅव्हालियन यांनी ही वजावट मजुरीच्या सुमारे पाव हिश्श्याइतकी ठरविली.

हमीची खरी कसोटी १९८८ मध्ये लागली. त्या वर्षी किमान वेतन सुमारे दुप्पट झाले व योजनेची मजुरीही त्याप्रमाणे वाढली. मजुरी वाढली की कामाची मागणी वाढावी. प्रत्यक्षात कामावरील उपस्थिती घटली. रॅव्हालियन, दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये या घटीचे विश्लेषण करून, काम मागणाऱ्या सर्वांना ते मिळेनासे झाले होते, असा निष्कर्ष काढला. कायदा तोच होता; परंतु खर्चाला मर्यादा पडताच नवी कामे कमी निघाली. बेकारी भत्त्याची रक्कम क्षुल्लक होती. शिवाय मागणीची नोंद झाल्यावाचून तो मागता येत नसे, त्यामुळे शासनावर त्याचा धाक राहिला नाही.

महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार घेऊन संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा हा कायदा २ फेब्रुवारी २००६ पासून प्रथम २०० जिल्ह्यांत लागू झाला. कुटुंब व दिवस यांची अशी मर्यादा महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात नव्हती. दुष्काळी कामाला दयेच्या कक्षेतून हक्काच्या कक्षेत आणणे, हे रोजगार हमी योजनेचे ऐतिहासिक महत्त्व होय; मात्र मजुराच्या मागणीची नोंद व तिच्यासाठी पुरेसा निधी यांवाचून हा हक्क कागदावरच राहतो, हेही तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते.