स्वारगेट ते सासवड, पायी

परवा भाच्याचा फोन आला. तो दोन वर्षं झाली, नोकरीनिमित्त तिकडे युरोपात आहे. सुट्टीत इटलीत आठ दिवस पायी फिरून आला होता. टेकड्या, द्राक्षांचे मळे, मधेच एखादं गाव, गावात हजार वर्षांचं चर्च. फोटो पाठवले होते शंभरएक. मी आपला "छान, छान" करत होतो, तेवढ्यात त्यानं विचारलं, "मामा, आपल्याकडे असं काही आहे का रे?"

आता काय सांगणार? सगळं आयुष्य पुण्यात गेलं. स्वारगेटहून सासवडची बस पकडली असेल शेकडो वेळा. आजोळच तिकडचं. पण चालत? एकदाही नाही. घरात चालणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे आई. पालखीबरोबर पुणे ते सासवड हा टप्पा ती वर्षानुवर्षं चालली. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा थांबली. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि टीव्हीवर पालखी बघते. मी भाच्याला म्हटलं, "आहे ना, पुढच्या वेळी ये, दाखवतो." फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. जे आपण पाहिलं नाही ते दाखवणार काय, कपाळ?

म्हणून मार्गशीर्षातल्या एका रविवारी निघालो.

हल्ली स्वारगेटला जमिनीखाली मेट्रो येते. सप्टेंबर २०२४मध्ये हे स्टेशन सुरू झालं. सरकत्या जिन्यानं वर आलो की तेच ते जुनं स्वारगेट! एसटीचे कंडक्टर, वडापाव, बॅगा, आणि कुठून कुठे चाललेत कळत नाही अशी माणसं. पर्वती तिथून हाकेच्या अंतरावर. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली तिथं देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं. मनात म्हटलं, चला, पहिलं ऐतिहासिक देवस्थान तर बस पकडायच्या आधीच झालं.

दिवे घाटानं जायचा विचार मी सोडून दिला होता. तिकडे गाड्यांची गर्दी आणि रस्ता रुंद करण्याचं काम. कडेनं एकट्यानं चालणं जिवावरचं. त्यापेक्षा कोंढव्यावरून बोपदेव घाट बरा. जुने लोक त्याला बापदेव म्हणतात. दिव्याचा रस्ता चांगला होण्याआधी पुण्याहून सासवडकडे बरीचशी ये-जा याच घाटानं असे. येवलेवाडीपर्यंत बस, मग पायी. कानिफनाथाचा फेरा धरून वीसेक किलोमीटरचा हिशोब केला. पन्नाशी ओलांडलेल्या, खुर्चीत बसून पैसे मिळवणाऱ्या माणसाला एवढं पुरे.

घाट चढताना मागे वळून पाहिलं तर पुणं नुसतं पसरलेलं. इमारती थेट डोंगराच्या पोटापर्यंत आल्यात. पण खिंड ओलांडली की दहा मिनिटांत दुसराच मुलूख लागतो. वारा बदलतो. समोर चढउतारांची माळरानं, ज्वारीची शेतं, अंजिराच्या बागा, आणि पार मागे पुरंदर-वज्रगडची जोडी. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सीताफळ तर आधीपासूनच प्रसिद्ध. भाच्याच्या फोटोंतल्या टेकड्या हिरव्या होत्या, आमच्या पिवळ्या. एवढाच काय तो फरक.

बोपगावच्या डोक्यावर कानिफनाथ. नवनाथांपैकी एक. इथल्या गाभाऱ्याची वाट इतकी अरुंद आहे की पोटावर सरपटतच आत जावं लागतं. पोट सुटलेल्या माणसाला तिथं आपोआप नम्रता येते. मी बाहेरूनच हात जोडले. (नम्रता कमी पडली म्हणा किंवा पोट जास्त झालं म्हणा!)

तर भाचा ज्या वाटेवर चालला तिची गोष्ट मोठी मजेशीर आहे. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक इसवी सन ९९०मध्ये रोमहून परत निघाला, आणि परतीचे मुक्काम त्याच्यासोबतच्या कुणीतरी लिहून ठेवले. फार काही नाही, नुसती ७९ गावांची यादी. पुढे शतकं लोटली, दुसरे रस्ते आले, त्या वाटेनं रोमला जाणारे यात्रेकरू कमी कमी होत गेले. यादी मात्र राहिली. त्या यादीच्या आधारानं लोकांनी वाट पुन्हा शोधून काढली. १९९४ साली युरोपच्या परिषदेनं तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. आज तिथं खुणेचे दगड आहेत, पाट्या आहेत, यात्रेकरूंसाठी स्वस्तात झोपायची सोय आहे. म्हणजे तिथं आधी चालणं थांबलं, आणि मग वाट जपली गेली.

आमच्याकडे उलटं. चालणं कधी थांबलंच नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावली. यादी लिहून ठेवायची गरज कुणाला पडली नाही, कारण मुक्काम लाखो लोकांना तोंडपाठ! आईला विचारा, कुठल्या झाडाखाली पाणी चांगलं मिळतं ते सांगेल. पण त्यामुळेच की काय, उरलेले अकरा महिने त्या वाटेकडे कुणी वाट म्हणून बघत नाही. जे जिवंत आहे ते जपावं लागतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

असो. भिवरी, चांबळी करत उतरलो तेव्हा दुपार झाली होती. चांबळीत एका ओट्यावर बसून डबा खाल्ला. एक आजोबा विचारते झाले, "गाडी बिघडली का?" म्हटलं, नाही, चालतच आलोय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वारी नाही, नवस नाही, मग या माणसाला झालंय तरी काय!

सासवडला कऱ्हा आणि चांबळी यांचा संगम आहे. ब्रह्मदेवाचा करा लवंडला आणि त्या पाण्याची नदी झाली, अशी लोककथा. आचार्य अत्रे इथलेच, १८९८ साली जवळच्या कोढीत खुर्दला जन्मले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'कऱ्हेचे पाणी'. नदी तशी लहान. सासवड, मोरगाव, बारामती असं करत शेवटी नीरेला मिळते. पण तिच्या काठाला जेवढी देवळं आहेत तेवढं पाणी तिच्यात बऱ्याचदा नसतं. संगमावर संगमेश्वर, थोडं पुढे चांगवटेश्वर. हे दुसरं चांगदेवांनी स्थापलं असं म्हणतात. घडीव दगडाचे मंडप, वर विटा-चुन्याची शिखरं, खाली नदीत उतरणारा घाट. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बूट काढून बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

आपण पुणेकर पेशवाई म्हणजे शनिवारवाडा समजतो. पण शनिवारवाड्याचा पाया १७३०चा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं बिऱ्हाड सासवडला होतं, आणि १७२० साली ते वारले तेही इथंच. समोर पुरंदर दिसतो. तिथं १६५७ साली संभाजीराजांचा जन्म झाला, आणि आठच वर्षांनी, जून १६६५मध्ये, त्याच गडाच्या पायथ्याच्या छावणीत मिर्झाराजांशी तह होऊन २३ किल्ले द्यावे लागले. गडाखाली नारायणपूरला यादवकालीन नारायणेश्वर आहे, पलीकडे यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वर. एवढं सगळं एका तालुक्यात! शाळेत हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत शिकलो. चालत आल्यावर कळलं की हे सगळे धडे एकमेकांपासून तास-दोन तासांच्या नाहीतर फार तर दिवसाच्या अंतरावर आहेत.

शेवटी सोपानकाकांच्या समाधीला गेलो. चार भावंडांच्या समाध्या चार दिशांना. निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, ज्ञानदेव आळंदीला, मुक्ताई तिकडे तापीकाठी, आणि सोपानदेव इथं. ज्ञानदेवांनी समाधी घेतली कार्तिकात, सोपानदेवांनी पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला. साल १२९६. मंडपात समाधी सोहळ्याची तयारी चालली होती. सतरंज्या, माइकची चाचणी.

तिथं बसून सहज हिशोब केला. परंपरेनं जे जन्मसाल मानतात त्याप्रमाणे सोपानदेव तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे! आणि अख्खं गाव सातशे वर्षं त्यांना 'काका' म्हणतंय. माझा भाचा त्यांच्यापेक्षा मोठा आहे. भाच्याच्या फोटोंत असिसी होतं, संत फ्रान्सिसचं गाव. ते गेले १२२६ साली. शेवटच्या काळात त्यांनी सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारं स्तोत्र रचलं, तेही पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तिथल्या लोकांच्या बोलीत. पुढच्या पासष्ट-सत्तर वर्षांत इकडे नेवाशाला संस्कृत बाजूला ठेवून ज्ञानेश्वरी मराठीत सांगितली गेली. कोण कुठले हे, एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही. पण शहाणी माणसं साधारण एकाच दिशेनं चालत होती म्हणायची.

परतताना बससाठी उभा होतो. शेजारी एक गृहस्थ होते, पूर्वेकडच्या गावचे. बोलता बोलता विमानतळाचा विषय निघाला. पुरंदरचं विमानतळ २०१६ साली जाहीर झालं. वनपुरी, कुंभारवळण, पारगाव वगैरे सात गावांची जमीन त्यासाठी ठरली. त्यात महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं खानवडीही आहे. २०२५मध्ये मोजणीला गावांनी विरोध केला, त्याच्या बातम्या आपण वाचल्याच असतील. ते गृहस्थ रागावले नव्हते. फक्त म्हणाले, "तुम्ही चालत आलात, बघितलंत, बरं झालं." मला उत्तर सुचेना. कारण भाचा पुढेमागे यायचा तो कदाचित त्याच विमानतळावर उतरेल, आणि त्याला आणायला मीच जाईन. चालायला आवडतं म्हणून दुसऱ्याच्या शेताचा कळवळा दाखवणं सोपं असतं, हेही तिथंच कळलं.

रात्री घरी आलो. आईला सगळं सांगितलं. समाधीचा बुक्का तिच्या कपाळाला लावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळं खरं, पण तू चुकीच्या घाटानं गेलास. वाट दिव्याची."

"अगं, पण तिकडे गाड्या किती..."

"वारीत नसतात." मग जरा थांबून, "पाय दुखले का?"

"हो. भरपूर."

"मग झालं तर."

भाच्याला कळवलंय, पुढच्या वारीला रजा काढ. इटलीतले बूट चालतील. आई म्हणते, पाणी कुठं चांगलं मिळतं ते मी कागदावर लिहून देते. म्हणजे आमचीही यादी होणार! तुमच्यापैकी कुणी यायचं म्हणत असेल तर सांगा.